सर्क्युलर आधी, ग्रुप नंतर

साताऱ्याहून सीए होऊन आलास, बीकेसीतल्या एका एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या कंपनीच्या) ट्रेझरीत, म्हणजे पैसा उभारणाऱ्या विभागात, वर्ष झालं, डोंबिवलीत दोघांत मिळून खोली. फोनमध्ये चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रोज सकाळी पाच न्यूजलेटर, आणि तरी मीटिंगमधला विषय तुला सगळ्यांच्या शेवटी कळतो. वर मुंबईत ओळखीचं कुणी नाही. 'अपडेटेड कसा राहू आणि ओळखी कशा वाढवू' असे दोन प्रश्न तू विचारलेस. या धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर मला ते एकच वाटतात. (वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. दिवाळी नुकतीच उरकलेली, निम्मं ऑफिस अजून गावाकडे. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आलं आणि थोड्याच वेळात सगळ्या ग्रुपवर एकच मथळा फिरू लागला: पर्सनल लोन महागणार. खोटं नव्हतं ते. ग्राहक कर्जांवरचं रिस्क वेट (कर्जामागे किती भांडवल राखायचं ते ठरवणारं प्रमाण; ते वाढलं की कर्ज महागतं) १०० वरून १२५ टक्के केलं होतं. पण आमच्या टेबलाला चटका देणारी गोष्ट वेगळीच होती. बँकांनी एनबीएफसींना दिलेल्या कर्जावर, जिथे रेटिंगप्रमाणे रिस्क वेट १०० च्या खाली आहे तिथे, आणखी २५ अंक. म्हणजे ट्रिपल ए कंपनीला २० चे ४५, डबल एला ३० चे ५५, सिंगल एला ५० चे ७५. रेटिंग जितकं चांगलं तितका प्रमाणात दणका मोठा! हाउसिंग फायनान्स कंपन्या आणि प्रायॉरिटी सेक्टरमध्ये बसणारी कर्जं तेवढी वगळलेली.

आमच्याकडे तेव्हा तुझ्याच वयाचा एक मुलगा होता, लातूरकडचा, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. त्याने रात्री घरी बसून मूळ सर्क्युलर वाचलं, आमच्या बँक लाइन्सचा (बँकांनी मंजूर केलेल्या कर्जमर्यादांचा) तक्ता उघडला, कुठली लाइन वगळलेल्या गटात बसते आणि कुठली नाही ते एकेकीपुढे लिहिलं आणि आम्हा चौघांना सहा ओळींचा मेल केला. शेवटची ओळ होती, 'तीन लाइन्सबद्दल खात्री नाही, सँक्शन लेटर बघावं लागेल.' मला तीच सगळ्यात आवडली. दुसऱ्या दिवशी बँकांच्या आरएमशी (आमचं खातं सांभाळणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरशी) बोलायला मी त्यालाच बसवलं. दोघा आरएमनी तो तक्ता मागून घेतला, कारण त्यांच्याकडेही तोवर असं काही मांडलेलं नव्हतं. महिन्याभरात ते मला वगळून थेट त्यालाच फोन करायला लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनबीएफसींवरचा तो जादा भार १ एप्रिलपासून काढला, तेव्हा साइटवर सर्क्युलर पडल्या पडल्या त्याची लिंक त्याला एका बँकवाल्यानेच पाठवली होती.

तेव्हा ग्रुप म्यूट कर. सोडू नकोस, नोकरीच्या खबरा तिथेच येतात. सकाळी लोकलमध्ये रिझर्व्ह बँकेचं आदल्या दिवशीच्या मनी मार्केट ऑपरेशन्सचं पत्रक बघ: सिस्टिममध्ये पैसा किती, कॉल रेट (बँकांचा आपसातला एका दिवसाच्या कर्जाचा दर) कुठे. दोन मिनिटं लागतात. पतधोरणाच्या दिवशी दहा वाजता सगळे रेपोकडे कान लावून असतात. नियमांमधल्या बदलांचं निवेदन वेगळं निघतं, तू ते वाच. चौदाव्या दिवशी पतधोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त येतं, त्यात सहाही सदस्यांची मतं नावानिशी असतात. सेबीचे कन्सल्टेशन पेपर आणि रिझर्व्ह बँकेचे मसुदे चाळत राहा, कारण नियम आज आला तरी चर्चा बऱ्याचदा काही महिने आधीच सुरू झालेली असते. आणि तुमच्याच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्यांच्या कॉनकॉलचे (निकालांनंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते त्याचे) ट्रान्स्क्रिप्ट. पाच कामकाजाच्या दिवसांत ते टाकावंच लागतं. सुरुवातीचं भाषण सोड, प्रश्नोत्तरं वाच. कॉस्ट ऑफ बॉरोइंगवर (कर्ज उभारण्याच्या खर्चावर) कोण अडखळतंय ते तिथे दिसतं. वर्तमानपत्र एक पुरे.

ओळखींसाठी पंचतारांकित कॉन्फरन्सच्या मागे लागू नकोस. गळ्यात बिल्ला, हातात पनीर टिक्का, आणि घरी येताना खिशात वीस कार्डं, ज्यातलं एकही पुन्हा बोलत नाही. त्यापेक्षा कल्याण-डोंबिवलीची सीए इन्स्टिट्यूटची ब्रांच तुझ्या दारात आहे. सीपीईचे (सीएंना सक्तीच्या पुढच्या शिक्षणाचे) तास तुला भरायचेच आहेत. १९४९ पासून चालत आलेली बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी आणि तिच्याहूनही जुनी, १९२६ ची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स यांची व्याख्यानं असतात. पूर्वी बीकेसीतून संध्याकाळी चर्चगेटच्या बाजूला जायचं म्हणजे वांद्र्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेतच उत्साह संपायचा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे ती सबब गेली.

आणि ओळख सीएफओंशीच हवी असं नाही. बँकेच्या ऑपरेशन्समधला माणूस, डिबेंचर ट्रस्टीकडची मुलगी, रजिस्ट्रारकडचे काका: संध्याकाळी पाचला पेमेंट अडकलं की हेच फोन उचलतात. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस कोसळली आणि बाजारात सीपी (कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे) रोलओव्हर होणं, म्हणजे जुने फेडायला नवे काढणं, अवघड झालं, तेव्हा एका बँकेच्या ऑपरेशन्समधल्या गृहस्थांनी मला फोन केला. 'तुमचं प्रपोजल आज होत नाही, वाट बघू नका.' दुपारचा दीड वाजला होता. दुसरी लाइन ड्रॉ करायला वेळ मिळाला. त्यांच्याशी माझं नातं काय, तर सहा वर्षं टपरीवर घेतलेला कटिंग.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. 'आतली खबर' म्हणजे कनेक्शन नव्हे. २०१७ साली काही बड्या कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. सेबीने फॉरवर्ड करणाऱ्यांचे फोन ताब्यात घेतले, दंड ठोठावले. त्यातले काहीजण पुढे अपिलात सुटले, सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये ती सुटका कायम ठेवली, पण मधली वर्षं कोण परत देणार? असा आकडा तुझ्याकडे आला तर पुढे पाठवू नकोस, त्यावर सौदा करू नकोस, कंप्लायन्सला कळव आणि गप्प बस. पाठवणारा मित्र असला तरी.

तो लातूरचा मुलगा आता एका बँकेत आहे. आमची लाइन त्याच्याच टेबलावर असते. फोन पहिल्या रिंगला उचलतो, चहाही पाजतो, रेटमध्ये मात्र पाच पैसे सोडत नाही.