पूर्वग्रह, कल आणि तागडीचा पासंग

नववीच्या वर्गाला वर्तमानपत्रातला मजकूर पारखून वाचायला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘बायस’ आणि ‘प्रेज्युडिस’ या दोन इंग्रजी शब्दांना त्यांच्या हाती आलेल्या मार्गदर्शिकेत ‘पूर्वग्रह’ हा एकच मराठी शब्द दिलेला आहे, तेव्हा दोहोंतला भेद मुलांना मराठीतून कसा शिकवावा, आणि मुळात ‘पूर्वग्रह’ बरोबर की ‘पूर्वाग्रह’? वर्गातल्या एका मुलीने ‘मला क्रिकेटपेक्षा कबड्डी आवडते, हा माझा पूर्वग्रह आहे का?’ असे विचारले, तेव्हा तिला काय उत्तर द्यावे हेही त्यांना सुचले नाही.

शुद्धलेखनाचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण ‘पूर्वाग्रह’ हा शब्द भाषणांत, बातम्यांत आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणातही रोज कानांवर आदळतो आहे आणि तो ऐकून मी खरोखरच त्रासलो आहे. हिंदीत ‘पूर्वाग्रह’ रूढ आहे आणि तिथे तो योग्यच आहे. मराठीत मात्र शब्द ‘पूर्वग्रह’ असाच आहे आणि त्याला सबळ कारण आहे. आपल्याकडे ‘ग्रह’ हा शब्द ‘मनाने धरलेली समजूत’ या अर्थाने आजही नांदतो आहे. ‘तुमचा माझ्याविषयी काहीतरी चुकीचा ग्रह झालेला दिसतो’ किंवा ‘त्याने उगाच ग्रह करून घेतला’ ही वाक्ये कोणत्याही मराठी घरात ऐकू येतात. ‘आग्रह’ हा निराळा शब्द आहे. पंगतीत जिलबी वाढताना होतो तो आग्रह. पूर्वग्रहात हट्ट असतोच असे नाही. तो असणाऱ्या माणसाला आपण काही धरून बसलो आहोत याची जाणीवही पुष्कळदा नसते, आणि हीच त्यातली मेख आहे. आग्रह करणाऱ्याला आपण आग्रह करीत आहोत हे पक्के ठाऊक असते. ‘पूर्वाग्रह’ म्हटले की ही नकळत धरलेली पकड शब्दातून निसटते, म्हणून केवळ रूढीसाठी नव्हे, तर अर्थासाठीही मराठीत ‘पूर्वग्रह’च लिहावे.

‘पूर्वग्रहदूषित’ या विशेषणाचीही तशीच दुर्दशा झालेली आहे. आपल्याला न आवडलेले प्रत्येक मत आता पूर्वग्रहदूषित ठरते. परीक्षकाने उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचून कमी गुण दिले, तर त्याचे मत प्रतिकूल असेल, कठोर असेल, कदाचित चुकीचेही असेल, पण ते पूर्वग्रहदूषित नाही, कारण ते वाचल्यानंतर बनलेले आहे. नाव वाचताच गुण ठरले असते, तर मात्र तो पूर्वग्रह झाला असता, मग ते गुण कमी असोत वा जास्त. अनुकूल पूर्वग्रहही असतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. जाड भिंगाचा चष्मा लावणारा मुलगा हुशारच असणार, असे समजणे हा पूर्वग्रहच आहे.

‘पूर्व’ या पदावर इतका जोर देण्याचे कारण इंग्रजी शब्दाच्या मुळातही आहे. ‘प्रेज्युडिस’ हा लॅटिन ‘प्राएयुदिकिउम्’पासून आलेला शब्द आहे आणि रोमन कायद्यात मुख्य खटल्याच्या आधी होणाऱ्या निवाड्याला ते नाव होते, पुढे ‘अशा निवाड्यामुळे होणारे नुकसान’ असाही अर्थ त्याला चिकटला. वकिली पत्रांतले ‘विदाउट प्रेज्युडिस’ या दुसऱ्या अर्थाचे आहे, त्यामुळे त्याचे मराठी ‘हक्कांस बाध न येता’ असे होते. ‘पूर्वग्रहाशिवाय’ असे भाषांतर करणाऱ्यांनी वाक्याचा अर्थच बुडवला आहे. आधी निवाडा आणि मग खटला, हे वर्गात समजावून देण्यासाठी काल्पनिक उदाहरण शोधण्याचे कारण नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्या कायद्याखाली कितीतरी जमातींतली माणसे, त्यांनी काहीही केलेले नसताना, जन्मानेच गुन्हेगार ठरली. त्यांची नोंदणी झाली आणि त्यांना पोलिसांकडे हजेरी लागली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. ‘विमुक्त’ या शब्दाचा अर्थ मुलांना विचारावा आणि कशातून मुक्त, असे पुढे विचारावे. पूर्वग्रह कायद्याचे रूप घेतो तेव्हा काय होते, ते त्या एका शब्दात साठवलेले आहे. आणि कायदा गेल्यानंतरही ग्रह गेला नाही, हे महाराष्ट्रातल्या पारध्यांच्या पालांवर जाऊन आलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

आता ‘बायस’. या शब्दाला मराठीत काय म्हणावे यावर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत आणि माझे त्यांतल्या बहुतेकांशी जमत नाही. काही जण ‘पक्षपात’ सुचवतात. पक्षपात ही कृती आहे, मनाची घडण नव्हे. तो करावा लागतो, म्हणून तर आपण ‘पक्षपात केला’ असे म्हणतो. आठव्या शतकातले जैन आचार्य हरिभद्रसूरी यांचा प्रसिद्ध श्लोक ‘पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु’ असा सुरू होतो. महावीरांविषयी मला पक्षपात नाही आणि (सांख्यदर्शनाचे) कपिल इत्यादींविषयी द्वेष नाही, असे म्हणून पुढे ते ‘युक्तिमद्वचनं यस्य तस्य कार्यः परिग्रहः’ असे सांगतात, म्हणजे ज्याचे बोलणे युक्तीला धरून आहे त्याचे स्वीकारावे. या श्लोकात ‘ग्रह’ शेवटी आलेला आहे, पारख झाल्यानंतर, आणि तोही ‘परि’ हा उपसर्ग घेऊन. पूर्वग्रहाच्या नेमका विरुद्ध शब्द मला कोणी मागितला, तर मी हा परिग्रह पुढे करीन, जरी आज आपण तो केवळ ‘संचय’ या अर्थाने वापरीत असलो तरी.

संख्याशास्त्राच्या परिभाषेत ‘अभिनती’ आहे. एखाद्याकडे झुकणे या अर्थाने तो शब्द निर्दोष आहे, पण नववीच्या मुलाला तो पाठ करावा लागेल आणि पाठ केलेल्या शब्दाने स्वतःचे मन तपासता येत नाही. ‘आकस’ तर मुळीच नको. मंत्र्यांच्या शपथेत ‘कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ असे शब्द येतात. तिथे ते चपखल आहेत, कारण आकसाला ओळख लागते, मागचा काही व्यवहार लागतो. पूर्वग्रहाला ओळखीची गरज नसते, किंबहुना ओळख नसेल तिथेच तो चांगला पोसतो.

माझ्या मते ‘बायस’साठी मराठी शब्द ‘कल’ हाच आहे. मनाचा कल, मतदारांचा कल, जमिनीचा कल, तागडीचा कल. इंग्रजी ‘बायस’चा मूळ फ्रेंच अर्थ ‘तिरपे’ असा आहे आणि तो शब्द मनाला लागू झाला तो सोळाव्या शतकात, चेंडूच्या एका खेळामुळे. त्या खेळातला चेंडू एका बाजूला मुद्दाम जड ठेवलेला असे, त्यामुळे तो सरळ टाकला तरी वळून जाई. चेंडूच्या मनात कोणाविषयी वैर नसते. त्याची घडणच तशी असते, आणि चांगला खेळाडू ते वळण हिशेबात धरूनच टाकतो.

इथे मला आपला ‘पासंग’ आठवतो आणि ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले तो शब्द हाच आहे. ‘तो याच्या पासंगालाही पुरत नाही’ असे आपण सर्रास म्हणतो, पण पासंग म्हणजे काय ते म्हणणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. तागडीची दोन्ही पारडी तंतोतंत सारखी नसली, तर वर राहणाऱ्या पारड्यात समतोलासाठी जो लहानसा दगड किंवा धातूचा तुकडा टाकतात, तो पासंग. शब्द फारसी आहे आणि त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, जो संगमरवरातही आहे. पहिल्या पदाला ‘पाय’ म्हणून मोकळे होणारे व्युत्पत्तिकार मला पटत नाहीत, कारण फारसीत ‘पारसंग’ असेही रूप आहे आणि त्यातल्या रकाराचा त्यांना हिशेब लावता येत नाही. तागडीला पाय कशाला हवेत, हेही त्यांनी सांगितले पाहिजे.

एका विद्वान स्नेह्यांनी मला अडवले की, पासंग हा दोष नाही, दोषावरचा उपाय आहे, तेव्हा ‘बायस’शी त्याचा संबंध काय? संबंध तोच आहे आणि शिक्षिकाबाईंचा सगळा प्रश्न त्यातच सुटतो. ज्याला आपल्या तागडीचा कल कोणत्या बाजूला आहे हे कळले, तो पासंग टाकून वजन बरोबर करू शकतो. कल असलेला माणूस वजन करीत असतो, त्याचे वजन थोडे चुकते एवढेच. पूर्वग्रह असलेल्याने माल तागडीत टाकलेलाच नसतो, पाहताक्षणी तो भाव सांगून मोकळा झालेला असतो, आणि म्हणून कितीही पासंग टाकला तरी त्याच्या बाबतीत उपयोग होत नाही. त्याच्याकडून आधी वजन करवून घ्यावे लागते.

ही उपमा केवळ शोभेची नाही, तिच्यात एक खरी युक्ती दडलेली आहे. रिकामी तागडी उचलून धरली की पारड्यांतला फरक दिसतो, पण दांडीचे दोन हात कमीजास्त लांबीचे असतील आणि पारड्यांनी तो फरक झाकला असेल, तर रिकाम्या तागडीचा काटा मध्यावर उभा राहतो आणि तरीही वजन खोटे येते. अशी तागडी पकडण्याचा मार्ग म्हणजे माल आणि माप यांची अदलाबदल करून पुन्हा तोलणे. वर्गात हेच करावे. बातमीतले वाक्य तसेच ठेवून फक्त नाव बदलावे. ‘महिला चालकाची दुचाकीला धडक’ या मथळ्यात ‘पुरुष चालकाची’ असे घालून मुलांना मोठ्याने वाचायला सांगितले, तर तो मथळा कोणी कधी लिहीत नाही हे त्यांच्या कानांना आपोआप कळेल. ‘मोर्चामुळे वाहतुकीचा खोळंबा’ आणि ‘पाण्यासाठी महिलांचा मोर्चा’ हे एकाच घटनेचे दोन मथळे होऊ शकतात. दोन्ही खरे, द्वेष कशातच नाही, पण तागडी कोणाच्या हातात होती ते दिसते.

भाषेलाही कल असतो, हे त्याच तासाला दाखवता येईल. ‘डावलणे’ हे क्रियापद ‘डावा’पासून आलेले आहे. जे डाव्या बाजूला टाकले, ते डावलले. तुलना करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’, आणि सरस तो ‘उजवा’. डावखुऱ्यांचा द्वेष करणारा कोणी मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही, तरीही आपण रोज त्यांच्या हाताला कमी लेखणारे शब्द वापरतो. हा शुद्ध कल आहे, पूर्वग्रहाशिवायचा. मात्र तोच डावखुरा मुलगा ताटावर बसला आणि आजीने त्याला न विचारता घास उजव्या हातात दिला, डाव्या हाताने जेवणारा अशुभ म्हणून, तर तिथे पूर्वग्रह सुरू झाला. दोन्ही गोष्टी एका घरात, एकाच हाताविषयी घडतात, म्हणून मुलांना हे उदाहरण लगेच समजते.

राहिली ती कबड्डी आवडणारी मुलगी. तिची आवड ही आवडच आहे. तिने दोन्ही खेळ पाहिले आहेत, कदाचित खेळलेही आहेत, आणि एकाकडे तिचे मन ओढ घेते. शाळेच्या क्रीडासमितीवर तिला घेतले आणि मैदान कोणत्या खेळाला किती वेळ द्यायचे ते ठरवायला सांगितले, तर त्या दिवशी तिची आवड हा तिच्या तागडीचा कल होईल आणि तिला पासंग टाकावा लागेल. क्रिकेट खेळणारी मुले आळशीच असतात, असे ती एकाशीही न बोलता म्हणू लागली, तर त्याला पूर्वग्रह म्हणावे, आणि फळ्यावर तो शब्द काना न देता लिहावा.