चार नंबरचे बूट

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर पाऊण तास बोललीस आणि मी नुसती ‘हं’, ‘बरं’ करत राहिले. तुला वाटलं असेल, मॅडमना झोप आली. (ताई म्हण म्हटलं तरी तू मॅडमच म्हणणार.) झोप आली नव्हती गं. तू तुझ्या मॅनेजरबाईंबद्दल जे जे बोलत होतीस, त्यातली निम्मी वाक्यं पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी कुठल्यातरी फोनवर माझ्याबद्दल बोललं असणार, हे ऐकता ऐकता कळत होतं. म्हणून तोंड उघडलं नाही. लिहून सांगणं सोपं जाईल.

तुझी हकिगत मला समजली ती अशी. सहा महिने लाइनवर उभं राहून तू रिजेक्शन, म्हणजे सदोष मालाचं प्रमाण, खाली आणलंस. कस्टमर ऑडिटच्या प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाइडवर टीमची नावं होती, त्यात तुझं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन एक सहकारी शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडमनीच काढायला लावलं. मॅनेजरच्या पोस्टला तू येशील म्हणून घाबरल्यात.’ तेव्हापासून तुझी झोप गेलीय.

आता मला सांग, त्याला कसं कळलं? आणि मुळात स्लाइड्स कोणी केल्या होत्या? फोनवर ओघात तूच म्हणालीस, ‘प्रेझेंटेशन नेहमी तोच बनवतो.’ पुढच्या पोस्टला तोही अर्ज करणार असेलच. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. बाईंनी खरंच नाव काढायला सांगितलं असेल. पण बाईंशी एक शब्द न बोलता, निरोप्याच्या तोंडून आलेल्या एका वाक्यावर तू सहा महिन्यांचं नातं मोडीत काढलंस. दोन पुरुष मॅनेजर प्रमोशनवरून एकमेकांचे पाय ओढतात तेव्हा त्याला पॉलिटिक्स म्हणतात. दोन बायकांचं वाजलं की ते नळावरचं भांडण होतं, आणि ते बघायला अख्खा प्लँट रिकामा असतो. बाईच बाईची वैरी, असं म्हणत चहाचा दुसरा कप मागवला जातो. तो कप तुझ्यामुळे मागवला जाऊ नये एवढंच मला वाटतं.

आता माझं सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

१९८७ साली भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले. मशीन शॉपमध्ये मी एकटी बाई. लेडीज टॉयलेट अ‍ॅडमिनच्या इमारतीत, जायला सात मिनिटं, यायला सात. सुपरवायझर घड्याळ बघायचा, म्हणून मी पाणी प्यायचंच कमी केलं. सेफ्टी शूज स्टोअरमध्ये सहा नंबरपासून पुढे मिळायचे. माझा पाय चार नंबरचा. ‘एका जोडासाठी वेगळी ऑर्डर कोण काढणार, मॅडम?’ असं स्टोअरकीपर म्हणाला, आणि बरोबरच होतं त्याचं. मग मी कालच्या पेपरचे बोळे करून बुटाच्या टोकात कोंबायला लागले. पावसाळ्यात ते भिजून लगदा व्हायचे. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये पायमोजे शाईने काळे झालेले असायचे.

१९९८ मध्ये शॉपमध्ये दुसरी मुलगी आली. तोवर मी सीनियर इंजिनिअर झाले होते. आठवड्याभराने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, बूट खूप मोठे होतात. आपण दोघींनी मिळून स्टोअरला लिहून दिलं तर?’

दोघींनी मिळून. तिथे शिफ्ट इन्चार्ज उभे होते, दोन फिटर होते. मी म्हणाले, ‘अकरा वर्षं मी कागद कोंबून काढली. कधी कुरकुर केली नाही.’ फिटर हसले. शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, ‘आमच्या मॅडम बाकीच्या बायकांसारख्या नाहीत.’

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झालेल्या अजून आठवतात. आनंदाने. तसलं एक वाक्य मिळालं की मला सहा महिने पुरायचं. इन्क्रिमेंटपेक्षा जास्त.

ती दीड वर्ष टिकली. कुठल्याशा तंत्रनिकेतनात शिकवायला गेली. नो-ड्यूजच्या कागदावर माझी सही लागत होती म्हणून मी स्टोअरमध्ये हजर होते. तिने बूट परत करायला काउंटरवर उलटे केले आणि त्यातून कागदाचे बोळे पडले. तिने ते गोळा करून खिशात टाकले, मला नमस्कार केला आणि गेली. स्टोअरकीपरने माझ्याकडे बघितलं नाही. मीही सही करून निघाले.

मी दुष्ट होते का? मला बरीच वर्षं वाटायचं की मी तिला कणखर बनवत होते. थापा. खरं कारण असं की त्या कारखान्यात माझी जी काही किंमत होती ती मी एकटी होते म्हणून होती. तिच्याबरोबर अर्जावर सही केली असती तर मी ‘बायकांपैकी एक’ झाले असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मला कोणी शिकवायला लागलं नाही. म्यान एकच का आहे, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

आणि ते एकच राहावं याची सोय बिनबोभाट चालू असते. आमच्या वेळी कारखाना कायदा होता, १९४८ चा. त्याच्या कलम ६६ प्रमाणे सायंकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बायकांना कामावर ठेवायचं नाही. हेतू चांगला असेल. पण प्रमोशनच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ‘शिफ्ट सांभाळलीय का?’ असा यायचा. कायदा शिफ्ट करू देत नाही आणि शिफ्ट नाही म्हणून बढती नाही. मग बायकांसाठी उरायचं काय? क्वालिटी, डॉक्युमेंटेशन, ट्रेनिंग. त्या दोन-तीन खुर्च्यांवर सगळ्या जणी एकमेकींना कोपर मारत उभ्या. त्यात अप्रेझलला बेल कर्व्ह बसवायचा, म्हणजे खात्यात वरचं रेटिंग एकालाच.

वर संचालक मंडळातही तोच हिशेब. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१५ ची मुदत दिली, तेव्हा कित्येक मालकांनी घरातलीच बायको, बहीण, मुलगी आणून बसवली. पुढे सेबीला सांगावं लागलं की बाबांनो, स्वतंत्र महिला संचालक हवी, आधी मोठ्या ५०० कंपन्यांना आणि २०२० पासून १००० कंपन्यांना. कायदा म्हणतो किमान एक. आपल्याकडे किमानचा अर्थ कमाल असा लावतात. तुमच्या एचआरने यंदा ‘एका महिलेला प्रमोट करायचंय’ असं सांगितलं, ते ऐकून तू खूश झालीस. मला त्यातला ‘एका’ ऐकू आला.

रोझाबेथ मॉस कँटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून १९७७ मध्येच हे मांडलं होतं. एखाद्या गटात बायका जेमतेम पंधरा टक्क्यांपर्यंत असतील तर त्या माणूस म्हणून दिसतच नाहीत, नमुना म्हणून दिसतात. त्यांचं दुसरं म्हणणं मला जास्त पटलं. बॉस नियमावर बोट ठेवतो, प्रत्येक मेल स्वतः तपासतो, हाताखालच्याला पुढे येऊ देत नाही, तेव्हा त्याच्या हातात खरी सत्ता नसते. बाई असो की बुवा. अधिकाराशिवाय जबाबदारी दिलेला माणूस असाच वागतो. बायकांना तसल्याच खुर्च्या जास्त मिळतात, म्हणून तो बायकांचा स्वभाव वाटतो.

(त्याच दशकात तिकडच्या मानसशास्त्रज्ञांनी अशा बायकांना ‘क्वीन बी’ हे नाव पाडलं, राणीमाशी. पोळ्याची थोडी माहिती असलेला माणूस हसेल. राणी कोणाला करायचं हे राणी ठरवत नाही. कामकरी माश्या एका अळीला वेगळं खाद्य भरवून राणी बनवतात.)

आमच्याकडे चार नंबरचे बूट आले ते २००६ मध्ये. एकदम सहा मुली ट्रेनी म्हणून आल्या. अर्ज नाही, भांडण नाही. सहा जणींसाठी ऑर्डर निघू शकते, एवढंच. १९७४ च्या सुधा मूर्तींची गोष्ट, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं होतं आणि त्यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं, ती प्रत्येक महिला दिनाला ऐकवली जाते. चांगलीच आहे. पण पहिलीची गोष्ट सगळे सांगतात. दुसरी आली तेव्हा पहिलीने काय केलं, ते कोणी विचारत नाही, आणि माझ्यासारख्यांच्या ते पथ्यावरच पडतं.

तुझ्या बाईंकडे आता जरा बघ. प्लँटमध्ये त्या हुद्द्यावर त्या एकट्या. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष वरच्या हुद्द्याची महिला कर्मचारीच लागते, म्हणजे तेही त्यांच्याच गळ्यात. महिला दिनाचं भाषण त्यांनी करायचं, परदेशी पाहुण्यांबरोबरच्या फोटोत त्यांनी उभं राहायचं. आणि तू त्यांच्याकडून मोठ्या बहिणीच्या मायेची अपेक्षा ठेवतेस. तुझे आधीचे बॉस महिनाभर तुझ्याशी धड बोलायचे नाहीत, तेव्हा तू म्हणायचीस, ‘सर कडक आहेत.’ यांनी दोनदा मेल परत पाठवला तर ‘खडूस’. तराजू एकच ठेव. त्यांनी तुझ्यावर माया करायची गरज नाही, न्याय करायची आहे. तेवढंच माग, पण ते मात्र सोडू नकोस.

कारण हे सगळं समजून घेतलं म्हणजे माफ केलं असं होत नाही. काही बायका सरळ वाईट बॉस असतात, पुरुष असतात तशा. माझ्यावर काय गुदरलं होतं हे त्या मुलीला माहीत असतं तरी तिचे बूट मोठेच राहिले असते.

तर सोमवारी जा त्यांच्याकडे. आधी वेळ माग. वॉशरूममध्ये गाठू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. दार लावून बस आणि एवढंच विचार: ‘रिजेक्शनचं काम मी केलं, शेवटच्या स्लाइडवर माझं नाव नव्हतं. ते कसं राहिलं?’ ‘तुम्ही काढलंत’ म्हणू नकोस. कॅन्टीनचं नाव काढू नकोस. मग गप्प बस. तुला गप्प बसणं जमत नाही, म्हणून मनात वीस आकडे मोज. त्या दचकल्या तर तुला बरंच काही कळेल. चिडल्या तरी कळेल.

यापुढे कामाचा आकडा मीटिंगच्या आदल्या दिवशी तुझ्या नावाने मेलवर गेलेला असू दे, त्यांना टू आणि संबंधितांना सीसी. बीसीसी कधीच नको, ती मागच्या दाराने केलेली चहाडी असते आणि एक ना एक दिवस उघडी पडते. त्यांचं बोलणं पटलं नाही, परत तेच झालं, तर तारीखवार लिहून ठेव आणि बदली माग. बदली मागताना कामाचं कारण दे. ‘बाईंशी पटत नाही’ हे वाक्य एकदा तुझ्या फाइलला चिकटलं की निघत नाही. आणि पटलं, तर दोघींनी मिळून प्लँट हेडना विचारा की पोस्ट एकच का. तुझ्या पोटात गोळा आला असेल हे वाचून. माझ्याही आला असता. मी कधी विचारलं नाही, म्हणून तुला सांगतेय.

खुर्ची नाहीच मिळाली, तर बाहेर बघायला लाजू नकोस. डिसेंबर २००८ मध्ये आयसीआयसीआय बँकेने पुढच्या प्रमुख म्हणून चंदा कोचर यांचं नाव जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्येसुद्धा ‘शिखा शर्मा हरल्या’ अशी चर्चा होती. शर्मा तेव्हा त्याच समूहाच्या आयुर्विमा कंपनीच्या प्रमुख होत्या. जून २००९ मध्ये त्या अ‍ॅक्सिस बँकेच्या प्रमुख झाल्या. चर्चा करणारे आमचे सगळे होते तिथेच, ताटं घेऊन.

‘तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस’ असं तुला कोणी म्हटलंय का अजून? म्हटलं नसेल तर म्हणतील. तेव्हा कान तपासून बघ, गरम झालेत का.

त्या मुलीचा, म्हणजे आता ती पन्नाशीची बाई असेल, नंबर मी एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळवलाय. दोन महिने झाले, डायरीत आहे. रोज संध्याकाळी काढते आणि परत ठेवते. तू सोमवारी बाईंशी बोललीस की मला कळव. मंगळवारी मी तो नंबर लावते.

तुझी,
मॅडम