आधी बर्फ वितळेल का, ते तपास

पाणी-बर्फासारख्या, उष्णतेच्या मिश्रणाची गणितं चुकतात ती बहुतेक वेळा आकडेमोडीत नाही, गृहीतकात. ‘सगळा बर्फ वितळणारच’ असं धरून समीकरण मांडू नकोस.

हे उदाहरण बघ. २०० ग्रॅम पाणी ३० अंश सेल्सिअसला आहे, त्यात उणे १० अंशांचा १०० ग्रॅम बर्फ टाकला. बाहेर उष्णता जात नाही असं धरू. पाणी शून्य अंशापर्यंत थंड होताना २०० × ४.२ × ३० = २५,२०० ज्यूल देऊ शकतं (४.२ ही पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅमचं तापमान एक अंशाने बदलायला लागणारे ज्यूल; बर्फाची २.१). बर्फाला शून्यावर यायलाच १०० × २.१ × १० = २,१०० ज्यूल लागतात, आणि पूर्ण वितळायला आणखी १०० × ३३४ = ३३,४०० ज्यूल (३३४ हा अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणारे ज्यूल). म्हणजे पुरत नाही! उरलेल्या २३,१०० ज्यूलमध्ये सुमारे ६९ ग्रॅम बर्फ वितळतो, बाकीचा तसाच राहतो आणि तापमान शून्यावर थांबतं. सगळा बर्फ वितळला असं धरून थेट समीकरण सोडवलं असतं तर उणे ८ अंशांचं पाणी हाती आलं असतं. असं विचित्र उत्तर आलं की खोडू नकोस, गृहीतक बदल.

बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जवळपास निम्मी असते, तिथे ४.२ घालायची चूक मी कित्येकदा पाहिली आहे. वाफेच्या गणितातही हीच रीत, फक्त अप्रकट उष्मा ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल. तापमानातला फरक केल्विनमध्ये घेतलास तरी तोच येतो, त्यामुळे तिथे २७३ मिळवत बसू नकोस.