एकादशीला ब्राझीलचा कंद कसा चालतो?

प्रिय ईरा,

आषाढीला तू हॉस्टेलवर साबुदाण्याची खिचडी केलीस आणि तुझी ब्राझीलची मैत्रीण म्हणाली, ‘हे तर आमच्याकडचं!’ त्यावर तुझा प्रश्न, भात-पोळी चालत नाही, मग हे कसं चालतं?

मैत्रीण खरं बोलली. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या पिठाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची हेही अमेरिकेकडचंच. तूप-जिरं तेवढं आपल्याकडे आधीपासून होतं. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या एकादशीला यातलं बाकी काही मागूनही मिळालं नसतं.

१५०० साली पेद्रो आल्व्हारेस काब्राल लिस्बनहून निघाला तो मसाल्यांसाठी, भारताकडे. वास्को द गामा दोनच वर्षांपूर्वी कालिकतला येऊन गेला होता. काब्रालची जहाजं अटलांटिकमध्ये इतकी पश्चिमेला गेली, की ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली. त्याच सफरीत ती पुढे कालिकतलाही पोचली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि मग मिरची, काजू, अननस, पेरू आपल्याकडे येत राहिले. इकडचा आंबा तिकडे गेला. मिरची झपाट्याने पसरली, कारण मिरीचा वेल सगळीकडे धरत नाही, मिरची मात्र परसातही येते. बटाटा घरोघरी पोचायला एकोणिसावं शतक उजाडलं.

ही नुसती देवाणघेवाण नव्हती, हे मैत्रिणीशी बोलताना लक्षात ठेव. युरोपीय लोकांबरोबर गेलेल्या देवीसारख्या रोगांनी अमेरिकेतली मूळ माणसं गावंच्या गावं मेली. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून ब्राझीलला नेली, आणि त्या जहाजांवर त्यांना खायला कसाव्याचंच पीठ असे. कडू कसाव्यात विष असतं. तो किसून, पिळून, भाजून खायची युक्ती तिथल्या मूळ रहिवाशांची.

साबुदाण्याची तर आणखी गंमत. तो पूर्वी आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढत आणि मलायाकडून आपल्याकडे येई. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली, तेव्हा तमिळनाडूत सेलमकडे कसाव्यापासून साबुदाणा करायला लागले. म्हणजे ‘पूर्वापार’ म्हणतो ती आपली कसाव्याच्या साबुदाण्याची खिचडी फार तर पणजीच्या वयाची.

आता नियमाचं. एकादशीला वर्ज्य ते मुख्यतः धान्य. जहाजांतून आलेले कंद आणि दाणे वर्ज्यांच्या यादीत नव्हतेच, म्हणून ते आत शिरले. कोणी सभा घेऊन ठरवलं नाही. बायकांनी स्वयंपाकघरात ठरवलं, आणि पोटभरीचं ते ठेवलं. यात तर्क शोधू नकोस. मिरची, बटाटा, टोमॅटो एकाच कुळातले, एकाच बाजूने आलेले. पहिले दोन चालतात, तिसरा नाही. आजीला कारण विचारलंस तर ती म्हणेल, ‘चालत नाही म्हणजे चालत नाही.’ मला स्वतःला हे उत्तर पुरतं.

जुन्या धाटणीचा उपास करायचा असेल तर भारतीय दुकानातून भगर आण. तुपात जिरं, ठेचलेली मिरी, किसलेलं आलं घाल, धुतलेली भगर परत, दुपटीहून थोडं जास्त गरम पाणी आणि सैंधव घालून झाकण ठेव. सोबत दही घे. खिचडीने तुला दर वेळी पित्त होतं, तेही टळेल.

तुझी,
आई