गोड-मसालेदार परफ्यूम जोखताना

कागदी पट्टीवर हुंगून लगेच बाटली उचलू नकोस. पहिली दहा-पंधरा मिनिटं वेलची, गुलाबी मिरी नाकात शिरतात आणि आपण भुलतो. मनगटावर एकच फवारा मार, घासू नकोस, आणि चार तास विसरून जा. खरी परीक्षा शेवटी तळाशी उरणाऱ्या वासांची: व्हॅनिला आणि टोंका बीन (व्हॅनिलासारख्या गोड वासाची बी). चांगल्या परफ्यूममध्ये त्या गोडव्याखाली लाकडाचा, राळेचा कोरडेपणा जाणवतो. फसलेल्यात नुसता चिकट पाक. (असा एक पाक माझ्या कपाटात आहे, बाटली अजून गळ्यापर्यंत भरलेली.) व्हॅनिलीन, म्हणजे व्हॅनिलाला तिचा वास देणारं रसायन, १८७४ पासून प्रयोगशाळेत बनतं, तेव्हा नुसत्या ‘व्हॅनिला’ शब्दावर पैसे मोजू नकोस. परफ्यूम युनिसेक्स, म्हणजे बायका-पुरुष दोघांनाही चालणारा आहे का म्हणशील, तर तुझ्या अंगावर तो कसा बसतो, एवढंच बघ. आणि उकाड्यात एकदा लावून बघच, गोड वास तेव्हा फार अंगावर येतो.