कोकणातील हॉटेलात सर्व धर्मांचे कामगार असतील तर सणांच्या सुट्ट्या कशा ठरवाव्यात?

आपण विचारले आहे की मालवणजवळ आपले हॉटेल आहे, तीसेक कामगारांत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि बौद्ध असे सगळेच आहेत, सरकारी यादीतल्या चोवीस सुट्ट्या देणे परवडणारे नाही, आणि मोजक्याच दिल्या तर ‘त्यांच्या सणाला सुट्टी, आमच्या सणाला काम’ अशी कुरबुर सुरू होते. तेव्हा कायद्याचे बंधन नेमके किती आणि न्यायाने वाटप कसे करावे. मी महसूल खात्यात नोकरी केली. जिल्ह्याच्या स्थानिक सुट्ट्यांचे प्रस्ताव तयार करण्याचे काम बरीच वर्षे माझ्या टेबलावर होते, त्यामुळे या विषयाची कागदावरची आणि गावातली अशी दोन्ही अंगे मला जवळून पाहता आली.

आधी कायदा पाहू. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी जी यादी प्रसिद्ध करतो तिचा आधार परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा आहे, म्हणजे मुळात हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा. त्याच्या कलम २५ प्रमाणे एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय ठरते. सुट्टी जाहीर करण्याचा केंद्राचा अधिकार गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने राज्यांकडे आला, आणि प्रत्येक वर्षीच्या यादीच्या डोक्यावर या अधिसूचनेचा उल्लेख असतो. ही यादी सरकारी कार्यालये आणि बँका यांच्यासाठी आहे. खासगी हॉटेलाला ती लागू नाही. जिल्हाधिकारी वर्षातून ज्या तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्यांची व्याप्ती तर त्याहूनही कमी असते. त्या आदेशाच्या शेवटी दिवाणी व फौजदारी न्यायालये आणि बँका यांना तो लागू नसल्याचे वाक्य असते, आणि ते न वाचल्यामुळे गौरीपूजनाच्या दिवशी ‘बँक उघडी कशी?’ असे विचारणारे लोक मला दरवर्षी भेटत.

आपल्याला बंधनकारक आहे तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्यात प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले आहेत, आणि उरलेले चार सणांचे दिवस मालक व कामगार यांनी आपसांत ठरवायचे आहेत. याखेरीज वर्षाला आठ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहे, जी न घेतल्यास वर्षाअखेर बाद होते, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते. म्हणजे आपला खरा प्रश्न चार दिवसांचा आहे, आणि त्याला किरकोळ रजेची जोड दिली तर तो सुटण्यासारखा आहे.

आता ती कुरबुर का होते याविषयी. सरकारी यादीत गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद, गुड फ्रायडे, नाताळ, महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, डॉ. आंबेडकर जयंती, गुरू नानक जयंती, पारशी नववर्ष असे सगळे आहे, आणि कोणालाही वगळू नये हा तिचा हेतू मला मनापासून योग्य वाटतो. परंतु राज्यभरासाठी एकच यादी केली की ती प्रत्येक सणाला एकच दिवस देऊ शकते, आणि कोकणातला सण एका दिवसात क्वचितच बसतो. वारकऱ्यांची आषाढी एकादशी त्या यादीत नाही. मकर संक्रांतही नाही, आणि संगमेश्वर तालुक्यात मार्लेश्वराचे गिरिजादेवीशी लग्न लागते ते नेमके संक्रांतीला. यादीतल्या नोंदी धर्मवार मोजून ‘यांना इतक्या, त्यांना तितक्या’ असा हिशेब मांडणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की माणसाला स्वतःच्या घरच्या सणाला घरी असण्याची गरज असते, आणि ती गरज नोंदी मोजून कळत नाही.

शिमगा घ्या. यादीत त्याला धुळवडीचा एक दिवस आहे. रत्नागिरीकडे मात्र काही गावांत फाल्गुन त्रयोदशीचा तेरसे शिमगा असतो, काही गावांत पौर्णिमेचा भद्रेचा शिमगा असतो, आणि त्यानंतर ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून घरोघर फिरते, ती कित्येक गावांत पाडव्याच्या सुमारापर्यंत. पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी येणार हे गावकर आणि मानकरी बसून ठरवतात. त्या दिवशी अंगण सारवलेले असते, दारात रांगोळी असते, ओटीचा नारळ आणि तांदूळ सुपात काढून ठेवलेले असतात, आणि घर बंद असणे ही गोष्ट त्या कुटुंबाला वर्षभर बोचत राहते. आपल्याकडच्या दोन कामगारांची गावे शेजारी असली तरी त्यांचे पालखीचे दिवस वेगळे असू शकतात. त्या दोघांना धुळवडीची सुट्टी देऊन काहीच साधत नाही. ज्याची पालखी ज्या दिवशी, त्याला त्या दिवशी सोडणे हेच खरे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर आपल्याच तालुक्यात होते आणि तिची तारीख पंचांगावरून निघत नाही. देवीचा कौल झाल्यावर ती जाहीर होते. कोणत्याही छापील यादीला हे पेलणारे नाही.

गणपतीविषयी माझे मत ठाम आहे: त्या दिवसांत हॉटेल बंदच ठेवावे. चाकरमानी येतात ते स्वतःच्या घरी उतरतात, पाऊस असतो, पर्यटक थोडे असतात, आणि आपल्या हिंदू कामगारांपैकी बहुतेक जण तसेही येणार नाहीत. चतुर्थी आणि गौरीपूजन हे दोन दिवस आपल्या चारांपैकी धरावेत. गौरीपूजन मी मुद्दाम सुचवतो, कारण स्वयंपाकघरात आणि खोल्यांच्या साफसफाईत काम करणाऱ्या बायकांना चतुर्थीपेक्षा गौरीचा दिवस जास्त हवा असतो. ओवसा असलेल्या घरात नव्या सुनेला सुपे घेऊन गौरीपुढे उभे राहायचे असते, पुष्कळ घरांत त्या दिवशी तिखटा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्य असतो, आणि या सगळ्याची जबाबदारी बाईवरच असते. शाळांच्या बाबतीत शासनाने हे फार पूर्वी ओळखले आहे. वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त होऊ न देता, उन्हाळी आणि दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळ अशा सणांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने वळवता येते, आणि कोकणातल्या शाळा तसे करतात. एकूण आकडा तोच ठेवून दिवस हलवण्याची ही पद्धत आपल्यालाही उपयोगी पडेल.

उरलेल्या दोन दिवसांपैकी एक रमजान ईदेसाठी आणि एक नाताळासाठी ठेवावा, असे मी सुचवतो. नाताळाला आपल्याकडे खोल्या भरलेल्या असणार आणि हॉटेल चालूच ठेवावे लागणार, हे उघड आहे. म्हणूनच गणपतीत घरी राहिलेल्या हिंदू कामगारांनी नाताळच्या दिवसाचा भार उचलावा आणि आपला तो दिवस पुढे बदली सुट्टी म्हणून घ्यावा, असे आधीच लिहून ठरवावे. ख्रिस्ती कामगाराला चोवीस तारखेच्या संध्याकाळीही मोकळे करावे, कारण मध्यरात्रीचा मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवसाइतकाच महत्त्वाचा असतो. सिंधुदुर्गातले काही जण ३ डिसेंबरला जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, जातात. गोव्यात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आपल्याकडे नसते. तिथे किरकोळ रजा कामी येते.

ईदेच्या तारखेचा गोंधळ बऱ्याच मालकांना त्रासदायक वाटतो, पण त्यामागची पद्धत समजून घेतली की तो उरत नाही. रमजान ईद एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी, नाही तर आणखी एका दिवसाने. म्हणजे ती आदल्या रात्रीच नक्की कळते. तेव्हा मुस्लिम कामगारांना त्या लागोपाठच्या दोन दिवसांपैकी जो ठरेल तो सुटीचा, असे कामाच्या पाळीपत्रकातच लिहावे. बकरी ईद जिल्हज महिन्याच्या दहाव्या दिवशी येते आणि त्या महिन्याचा चंद्र आधीच दिसलेला असल्यामुळे ती आठ-नऊ दिवस अगोदर कळते. तिथे ऐन वेळची धावपळ होण्याचे कारण नाही. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून हे सण दरवर्षी मागे सरकतात. आपले सण अधिक महिन्यामुळे फिरून ठिकाणावर येतात. याच कारणाने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ईद-ए-मिलाद गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांना येऊन भिडली. २०२३ मध्ये ती आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली आणि शासनाने २९ तारखेला सुट्टी दिली. त्याच वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी २९ जूनला एकत्र आल्या, आणि पंढरपुरातल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे ठरवले. हे निर्णय माणसांनी आपसांत बोलून घेतले आणि सरकारी आदेश त्यांच्या मागून आले, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्या तीस माणसांतही तेच शक्य आहे. रमजानच्या महिन्यात रोजा असलेल्या माणसाची पाळी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी संपेल असे पाहिले, तर त्याचे मोल एका जादा सुट्टीपेक्षा त्याला अधिक वाटेल.

बौद्ध कामगारांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि ते मला खटकते. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा सरकारी यादीत आहेत, पण २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जाणारा आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणारा माणूस यादीत कुठेच नाही. मालवणहून दादरला जाऊन यायचे तर एका दिवसाने भागत नाही. १४ एप्रिलला हॉटेल चालू असले तरी त्यांना सोडावे आणि डिसेंबरातल्या प्रवासाची रजा नोव्हेंबरातच मंजूर करून ठेवावी.

चार दिवस सर्वांसाठी तेच असावेत की ज्याने त्याने आपले निवडावेत, हा मुद्दा बैठकीत निघेलच. कायदा आपसांतल्या संमतीवर भर देतो, म्हणून दोन दिवस सर्वांना समान आणि दोन ज्याच्या त्याच्या निवडीचे, असे सर्वांनी मान्य केले तर कुरबुर बरीच कमी होईल असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मर्यादित सुट्ट्यांच्या लांब यादीतून दोन दिवस निवडता येतात. तो नमुना समोर आहेच. कोकणाला यात नवे असे काही नाही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, लोक तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत. गाव त्यांना शनिवार तेली म्हणे आणि तेल शुक्रवारीच भरून ठेवी. त्यासाठी कोणाला अधिसूचना काढावी लागली नाही.

हे सर्व वर्ष सुरू होण्यापूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एका बैठकीत ठरवावे. प्रत्येकाला त्याचे गाव, पालखीचा अंदाजे दिवस, उरूस, फेस्त किंवा जत्रा असे विचारून एका तक्त्यात लिहून घ्यावे. तक्ता मराठीत असावा, त्याखाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत हजेरीपटाला जोडावी आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी लावावी. आंगणेवाडीच्या जत्रेचा रकाना तेवढा कोरा सोडावा आणि तारीख जाहीर झाली की भरावा.