ऑस्ट्रेलियात दिग्दर्शक व्हायचं तर टोनी एअर्सचा रस्ता बघा

तुमचा प्रश्न असा, की मुलीला मेलबर्नला फिल्म शिकायचीय. पण तिथल्या गोऱ्यांच्या इंडस्ट्रीत आपल्या रंगाच्या माणसाला दिग्दर्शक म्हणून कोणी उभं करेल का, आणि केलंच तर त्यावर पोट भरेल का. मी मेलबर्नमध्ये बरीच वर्षं एडिटिंगच्या टेबलावर काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो.

असा विषय निघाला की सगळे जेम्स वॅनचं नाव घेतात. मलेशियातल्या कुचिंगचा जन्म, पर्थमध्ये वाढला, मेलबर्नला आरएमआयटी विद्यापीठात शिकला. पण ‘सॉ’ या भयपटाला ऑस्ट्रेलियात पैसा उभा राहिना, म्हणून तो आणि त्याचा लेखक मित्र ली व्हॅनल लॉस एंजेलिसला गेले. सिनेमा २००४ मध्ये आला आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याला लॉटरी लागली त्याला घरखर्च कसा चालवायचा हे विचारण्यात अर्थ नाही. तिथेच राहून ज्याने बस्तान बसवलं तो माणूस म्हणजे दिग्दर्शक टोनी एअर्स.

जन्म १९६१चा, मकाऊचा. आई नाइटक्लबात गायची. तिने एका ऑस्ट्रेलियन खलाशाशी लग्न केलं आणि पोरांना घेऊन ती पर्थला आली. टोनी अकरा वर्षांचा असताना तिने आत्महत्या केली. असा माणूस पहिला सिनेमा याच्यावरच करेल असं आपल्याला वाटतं. त्याने तसं केलं नाही. आधी माहितीपट केले. ‘चायना डॉल्स’ (१९९७) आशियाई वंशाच्या गे पुरुषांवर. ‘सॅडनेस’ (१९९९) छायाचित्रकार विल्यम यांगच्या कामावर, ज्यात एकीकडे एड्सने गेलेले मित्र आहेत आणि दुसरीकडे १९२२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये खून झालेला एक नातेवाईक. पहिला कथापट ‘वॉकिंग ऑन वॉटर’ २००२ मध्ये आला, तेव्हा चाळिशी उलटलेली. पटकथा रॉजर मंकची, विषय एका मित्राच्या मरणानंतर मागे राहिलेल्यांचा. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला टेडी पुरस्कार मिळाला, जो समलैंगिक विषयांवरच्या सिनेमांना देतात.

मग २००७ मध्ये ‘द होम साँग स्टोरीज’. हा मुलीला दाखवाच. जोन चेनने आई रंगवलीय: शांघायची गायिका, नाव रोझ. खलाशी बिलशी लग्न करून येते, लगेच त्याला सोडते, पोरांना घेऊन एका ‘काका’कडून दुसऱ्या ‘काका’कडे फिरते आणि सात वर्षांनी मेलबर्नच्या त्याच उपनगरी घरात परत येते. नवरा समुद्रावर, घरात सासू, आणि रोझ आपल्या तरुण प्रियकराला त्याच घरात आणून ठेवते! आईबद्दल लिहिताना माणूस हमखास हळवा होतो. इथे तसं होत नाही. कॅमेरा पोराच्या डोळ्यांनी बघतो आणि त्या पोराला आई एकाच वेळी सुंदर आणि असह्य वाटते. मला त्याच्या सगळ्या कामात हेच सरस वाटतं. त्या वर्षी या सिनेमाने एएफआयचे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य चित्रपट पुरस्कारांतले, आठ पुरस्कार नेले, दिग्दर्शन आणि पटकथा धरून.

आता खरा मुद्दा. एवढं होऊनही पुढचा सिनेमा ‘कट स्नेक’ यायला २०१४ उजाडलं. तीन सिनेमे, बारा वर्षं! आणि हा यशस्वी माणूस बरं का. पावणेतीन कोटी वस्तीच्या देशात सिनेमाचा दर एवढाच असतो. गोऱ्या दिग्दर्शकांचंही फार वेगळं नाही.

मधल्या काळात त्याने दोन गोष्टी केल्या. एक, २००८ मध्ये चार सहकाऱ्यांबरोबर मॅचबॉक्स पिक्चर्स ही कंपनी काढली. आदल्याच वर्षी सरकारने ‘प्रोड्युसर ऑफसेट’ आणला होता: ऑस्ट्रेलियात केलेल्या पात्र खर्चातले सिनेमाला ४० टक्के, टीव्हीला तेव्हा २० टक्के (२०२१ पासून ३०) परत मिळतात. मिळतात कोणाला? निर्मिती कंपनीला. नुसता दिग्दर्शक दिवसाच्या मोलावर राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो टीव्हीत शिरला. ‘द स्लॅप’ (२०११) हे एबीसी या सरकारी वाहिनीवरचं आठ भागांचं काम. घरामागच्या अंगणात बार्बेक्यू चाललाय, एक माणूस दुसऱ्याच्या पोराच्या थोबाडीत मारतो, आणि प्रत्येक भाग वेगळ्या पात्राचा. ग्रीक, भारतीय, ज्यू, अँग्लो (ब्रिटिश वंशाचे) सगळे एकाच अंगणात, पण कोणीही आपल्या जमातीचा प्रतिनिधी म्हणून उभा नाही.

पुढे तर तो दिग्दर्शनापेक्षा मालिका घडवणारा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. ‘स्टेटलेस’ (२०२०) अभिनेत्री केट ब्लँचेट आणि लेखिका एलिस मॅक्रेडीबरोबर रचली, दिग्दर्शन दुसऱ्यांनी केलं. ‘क्लिकबेट’ (२०२१) कॅलिफोर्नियात घडते, पण चित्रीकरण मेलबर्नमध्ये. २०२५ची ‘द सर्व्हायव्हर्स’ टास्मानियातली.

रंगाचं म्हणाल, तर भिंत आहे. स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सिनेमा-टीव्हीला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये काढलेल्या अहवालात टीव्हीवरच्या कथामालिकांतली फक्त १८ टक्के मुख्य पात्रं अँग्लो-केल्टिक (ब्रिटिश-आयरिश वंशाची) नसलेली निघाली; लोकसंख्येत तेच प्रमाण ३२ टक्के. तेव्हापासून थोडं हललंय. तैवानमध्ये जन्मलेल्या कोरी चेनने एसबीएस या बहुभाषिक सरकारी वाहिनीसाठी ‘न्यू गोल्ड माउंटन’ (२०२१) दिग्दर्शित केली, बलारातच्या सोन्याच्या खाणींवरच्या चिनी लोकांची गोष्ट.

मुलीला एकच विचारा: लिहायला बसवतं का? बसवत असेल तर जाऊ दे. नुसतं ‘अ‍ॅक्शन’ म्हणायची हौस असेल तर फी बघून थांबवा, कारण ती आपल्या रुपयांत फार भारी पडते. आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत: स्क्रीन ऑस्ट्रेलियाच्या निधीला अर्ज करायचा तर नागरिकत्व किंवा पीआर (कायम राहण्याचा परवाना) लागतं. स्टुडंट व्हिसावर तो दरवाजा बंद. तेव्हा पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या सेटवर पडेल ते काम करायची तयारी हवी, आणि पीआरचं गणित प्रवेश घेण्याआधीच नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडून समजून घ्या.